मुरबाडच्या पुढे झाडीतलं एकटं कॉटेज : जूनच्या तोंडावर जावं की पाऊस ओसरल्यावर?

घोडबंदरची_मी (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

कासारवडवलीला आमच्या घरासमोर मेट्रोचं काम, मागे नव्या टॉवरचं पायलिंग. घरात चार माणसं आणि चौघांचीही डोकी पिकलेली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका वरिष्ठांचं मुरबाडच्या पुढे, म्हसा ओलांडून देहरीच्या वाटेला एक कॉटेज आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ऐसपैस पडवी, भोवती आंबा-काजूची बाग आणि बागेला लागून रान. हाकेच्या टप्प्यात दुसरं घर नाही. भाड्याने देत नाहीत, ओळखीपाळखीत किल्ली देतात. फोटोत पडवीतून गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात, ते बघूनच मी हो म्हणून टाकलं.

आता घरात एकमत नाही. मला जूनच्या पहिल्या आठवड्यात जायचंय, काजव्यांसाठी. नवरा म्हणतो सप्टेंबरअखेर जाऊ, हिरवंही असतं आणि चिखलही कमी. सासऱ्यांचं म्हणणं डिसेंबर (वय ८१, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत). चिरंजीव नऊ वर्षांचे, त्यांनी वायफाय आहे का एवढंच विचारलं.

तर कधी जावं? फार न चालता आजूबाजूला बघण्यासारखं काय आहे? आणि इतक्या एकट्या जागी वयस्कर माणूस आणि मूल घेऊन कुणी राहिलंय का? आधी काय काय विचारून घ्यावं?

तिरकस (सोमवार, रात्री ९:५२)

घरातला सगळ्यात समंजस माणूस म्हणजे चिरंजीव.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. होऊ द्या.)

निवांत_काका (सोमवार, रात्री १०:३०)

ताई, काजवे नंतर. आधी पाणी विचारा. मे संपताना बोअरला पाणी असतं का, की टँकर मागवतात? मालकाला हा प्रश्न आवडणार नाही, तरी विचारा. मुरबाड-शहापूर पट्ट्यात पावसाळ्यात छत्री उलटेल असा पाऊस, आणि एप्रिल-मे आला की पाड्यांवर टँकरची वाट बघायची. तानसा, भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या वाड्या कोरड्या, हे वर्षानुवर्षं चाललंय. आपण आत शॉवर सोडून उभे आणि बाहेर रस्त्यावरून बायका हंडे वाहताहेत, हे पडवीत बसून बघवत नाही हो.

मग सासऱ्यांचं बघा. कमोड आहे का, आणि आहे तर घरात आहे की मागच्या अंगणात? अशा घरांत हौसेने न्हाणीघर बाहेर काढतात. पायरी दीड फुटाची, कठडा नाही, दिवा लांब कुठेतरी चिक्कूच्या झाडाला. रात्री दोन वाजता ती पायरी उतरायची कुणी? फोटोत सगळे पडवी दाखवतात. तुम्ही न्हाणीघराच्या दाराचा फोटो मागा.

शेवटचा कच्चा रस्ता किती आहे आणि त्यावर तुमची गाडी पोटाला घासते का, तेही. इन्व्हर्टर असेल तर पंखा किती वेळ ओढतो ते विचारा. पहिल्या वळवाला वीज जाते आणि मग तिच्या सवडीने येते.

घोडबंदरची_मी (सोमवार, रात्री १०:४८)

काका, न्हाणीघराच्या दाराचा फोटो मागवलाय. नवरा म्हणतोय साहेबांना काय वाटेल. म्हटलं वाटू दे.

सह्यभटक्या (सोमवार, रात्री ११:२०)

माझं मत जूनच्या तोंडाला, पण जूनच्या पहिल्या आठवड्यावर अडून बसू नका.

वळवाच्या सरी सुरू झाल्या की मेच्या शेवटाला काजवे दिसायला लागतात, आणि मोसमी पाऊस एकदा ठाण मांडून बसला की गेले. मधे जे काही दिवस मिळतील ते आपले. मुंबईसाठी मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला होता. त्यामुळे कॅलेंडरवर गोल करून ठेवू नका. बॅग भरून ठेवा आणि वळीव पडला की निघा. अमावस्येच्या आसपासचे दिवस गाठले तर उत्तम, चांदण्यात निम्मी मजा जाते. सगळ्या झाडांवर नसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा, अशा झाडांवर जास्त. एक झाड गच्च लखलखत असतं आणि त्याच्या शेजारचं काळंभोर.

न चालता बघायचं तर सिद्धगडाच्या पायथ्याशी हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं स्मारक आहे. कोतवाल माथेरानचे, शिकून वकील झालेले. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता काढून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी दोघे गेले. अजूनही दर २ जानेवारीला तिथे लोक जमतात. सासऱ्यांना नक्की न्या.

गोरखगड पोराला पडवीतूनच दाखवा. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आहेत, त्या वयाच्या मुलाचं ते काम नाही. नाणेघाट कोकणातून चढायचा तर वैशाखऱ्याहून चांगला दमवणारा चढ आहे, पण माळशेज चढून जुन्नरच्या अंगाने घाटघरला गाडी जाते आणि गुहा तिथून थोडी उतरून. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, जकातीचा दगडी रांजण, सगळं बघता येतं. देहरीहून मात्र त्यात अख्खा दिवस जाईल.

तळ्यातमळ्यात (मंगळवार, सकाळी ८:०५)

मी नवऱ्याच्या बाजूने.

काजव्यांच्या नावाखाली जे चाललंय त्याचा वीट आलाय. एका झाडाखाली चाळीस माणसं, प्रत्येकाचा मोबाइल वर, गाडीचे दिवे चालू, आणि कुणीतरी काजवे बाटलीत भरून पोराला देतंय. चमकून चमकून नर मादीला बोलावत असतो आणि आपण त्याच्या तोंडावर टॉर्च मारतो. थोड्या दिवसांचं आयुष्य त्यांचं, तेही आपण नासवायचं?

सप्टेंबरअखेरीला जा. बांधाबांधावर तेरडा, कड्यांवर सोनकी, भात पोटरीला आलेलं, ओढे नितळ. डास आणि चिखल दोन्ही आटोक्यात. शिवाय काजवे नाहीत म्हणून गर्दी नाही.

सह्यभटक्या (मंगळवार, सकाळी ८:४०)

चाळीस माणसं भंडारदऱ्याला आणि महोत्सवांना. ताई चार जण एका कॉटेजच्या मागच्या झाडाकडे बघणार आहेत. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद, तोंड जमिनीकडे, मोबाइल घरात. एवढं पाळलं तर काजव्यांचं काही बिघडत नाही. नऊ वर्षांच्या पोराने हे बघू नये म्हणताय का?

तळ्यातमळ्यात (मंगळवार, सकाळी ८:५५)

पोराने बघावं. पोराच्या बापाने रील टाकू नये आणि त्यात ठिकाणाचं नाव लिहू नये. एवढं केलं तरी पुरे.

चिऊचीआई (मंगळवार, दुपारी १२:१५)

घोडबंदरवर राहून मुरबाडला कशाला जायचं? येऊरला बंगले मिळतात की भाड्याने. तासाभरात घरी. मुलाला काही झालं तर हॉस्पिटल जवळ.

उपवनकर (मंगळवार, दुपारी १:०२)

शनिवारी रात्री येऊरला राहिलायत का कधी? आम्ही राहिलो. पलीकडच्या बंगल्यात कुणाची तरी पन्नाशी होती. पहाटेपर्यंत आम्हाला त्या माणसाच्या आवडीची सगळी गाणी पाठ झाली, आणि तो शाळेत असताना किती वांड होता हेही माइकवरून कळलं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा (येऊर त्याच्याच कडेला) पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा पट्टा २०१६ला जाहीर झाला. तरी टर्फचे दिवे लागतातच. बेकायदा टर्फ आणि बंगल्यांचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेलाय. मी उपवनला लहानाचा मोठा झालो, त्यामुळे जरा जास्तच लागतं.

पण येऊर सकाळचं. उजाडताना फाटकाशी पोचायचं, पाटोणपाड्याच्या बाजूला रमतगमत चालायचं, नऊला घरी येऊन पोहे. २०२४च्या पावसाळ्यानंतर कारवी फुलली होती तेव्हा उतार जांभळे झाले होते. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे आता थेट २०३२. मुलगा तोवर दाढी करायला लागेल.

खारघरकरीण (मंगळवार, दुपारी ३:३०)

ठाणेकरांना खाडीच्या या बाजूला जग आहे हे कधी कळणार? पनवेलहून नेऱ्यावरून गाढेश्वरकडे वळा, पुढे मालडुंगे, धोदाणी. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला प्रबळगड, मधे नदी आणि वाड्या. आमच्या जावेच्या माहेरचं घर आहे तिकडे. कौलारू, कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने लिंपलेल्या. मेमध्येही आत पाऊल टाकलं की अंग निवतं. काँक्रीटचं कॉटेज बांधून वर पत्रा ठोकणाऱ्यांनी एकदा तिथे दुपारी झोपून बघावं.

एकच सांगते, ठाकूरवाडीच्या बाजूला शनिवार-रविवारी जाऊ नका. कलावंतिणीच्या सुळक्याच्या रीलनी तिथे गाडी लावायला जागा ठेवलेली नाही. आणि खारघरच्या पांडवकडा धबधब्याचं कुणी सुचवलं तर कानाडोळा करा. पावसाळ्यात तिथे बंदी असते, ती उगाच नाही.

तिरकस (मंगळवार, दुपारी ३:४१)

आता तुमच्याकडे विमानतळ पण झालाय. पडवीत आडवं पडून विमानं मोजायची.

खारघरकरीण (मंगळवार, दुपारी ३:४६)

मोजतो की. आमचा धाकटा शेपटीवरून कंपनी ओळखतो. वायफाय लागत नाही.

आडमाप (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

थोडं अवांतर. हे वाचून वाटतंय, आपलीच अशी एक-दीड एकर घ्यावी तिकडे. एजंटने एक प्लॉट दाखवलाय, नदीला लागून, भाव फारच कमी सांगतोय. कुणाला अनुभव?

सातबारा (मंगळवार, संध्याकाळी ७:१०)

भाव फारच कमी आहे म्हणजे सातबारा नीट वाचायची वेळ आली.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात तुम्ही शेतकरी असावं लागतं. तो दाखला वडिलोपार्जित जमिनीवरून निघतो, एजंटच्या खिशातून नाही. दुसरं, मुरबाड-शहापुरात बरीच जमीन आदिवासींची. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ खाली ती परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या नावावर होत नाही, आणि ती परवानगी सहजासहजी मिळत नाही. 'नव्व्याण्णव वर्षांचा करार करू', 'मुखत्यारपत्र करून देतो', 'तिकडे सगळे असंच करतात' यातलं एक जरी वाक्य कानावर आलं तरी चहा पिऊन उठा. इतर अधिकारात काय लिहिलंय, भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, वनविभागाची नोंद आहे का, हे बघा. नदीला लागून म्हणताय तर पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते गावातल्या म्हाताऱ्याला विचारा. एजंटला विचारू नका.

ताईंच्या मालकांचं सगळं नीट असेलच, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

तिरकस (मंगळवार, संध्याकाळी ७:१८)

धागा भलतीकडे नेऊ नका. आपण न्हाणीघराच्या दारापाशी होतो.

घोडबंदरची_मी (मंगळवार, रात्री ९:०५)

आला फोटो! कमोड आहे, घरातच आहे, पायरी फक्त चार बोटं. वर साहेबांनी स्वतःहून सांगितलं की पाणी विहिरीचं आहे, मेमध्ये तळाला जातं, तेव्हा जपून वापरा. माणूस आवडला. वायफाय नाही, रेंज पडवीच्या डाव्या कोपऱ्यात. चिरंजीवांनी तो कोपरा आत्तापासून आपल्या नावे करून टाकलाय.

माळावरचा (मंगळवार, रात्री १०:५०)

मी त्याच बाजूचा. नोकरी कल्याणला, शनिवारी गावी. कॉटेज कोणतं ते ओळखलं, नाव लिहीत नाही. मागे ओहोळ, ओहोळापलीकडे बेहड्याची मोठी झाडं. काजवे तिथेच. माझी आजी तिथून सांजच्याला गुरं आणायची, तिला त्याचं काही अप्रूप नव्हतं, म्हणायची रोजचंच आहे.

काही गोष्टी सांगतो, राग मानू नका, तुमच्यासाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठीच लिहितोय.

मेमध्ये याल तेव्हा शेतात काळे चौकोन दिसतील. ते राब भाजलेले. पाला, शेण, गवत पसरून जाळतात आणि त्यावर भाताचं रोप करतात. गेल्या साली एक पाहुणे त्यावर चटई टाकून बसले होते, फोटो चांगला येतो म्हणून. पेरणी झालेली असेल तर त्यात पाय पडला की तेवढं रोप गेलं. बांधावरून चाला. आम्ही पण बांधावरूनच चालतो.

दुसरं बाटल्यांचं. आवणीला, म्हणजे भातलावणीला, आमच्या बाया-माणसं दिवसभर अनवाणी गुडघाभर चिखलात असतात. वरच्या बंगल्यातून ओहोळात फेकलेली बाटली फुटून खाली खाचरातच येते. माझ्या चुलतीचा तळवा असा फाटला की ऐन आवणीत ती घरी बसली. कुणाच्या बंगल्यातून आली ते कसं सांगणार? बाटली काय नाव सांगत नाही. प्या, नका पिऊ, तुमची मर्जी, पण रिकामी बाटली गाडीत घालून ठाण्याला परत न्या.

आता तुमचा प्रश्न. म्हशाहून आत येताना एक फरशी, म्हणजे बसका पूल, लागते. पाऊस लागून राहिला की तिच्यावरून पाणी जातं. तास-दोन तासांत उतरतं, पण कधी रात्रभर नाही उतरत. तुमच्याबरोबर ८१ वर्षांचे बाबा आहेत म्हणून सांगतो, पाऊस धरायच्या आधी या आणि आधीच निघा. वळवाने काही होत नाही. आभाळ चारी बाजूंनी भरून सलग दोन दिवस लागलं की मग गाडी फरशीच्या अलीकडे असलेली बरी. पाण्यात गाडी घालून बघू नका, आमची पोरं ट्रॅक्टरने ओढून काढतात पण हसतात फार.

जेवणाचं घेऊन येऊ नका. पाड्यावर सांगितलं की तांदळाची भाकरी, सुकट किंवा डाळ, रानभाजी करून देतात. आदल्या दिवशी सांगावं लागतं.

निवांत_काका (मंगळवार, रात्री ११:१०)

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा कुणीतरी. वाचनखूण साठवली.

गोळीडॉक्टर (बुधवार, सकाळी ७:३०)

घाबरवायला लिहीत नाही. काजवे बघायला काळोखात, पाचोळ्यावर, वळवानंतर जाणार, म्हणून लिहितोय. विंचू आणि साप बाहेर पडायचे हेच दिवस.

आपल्याकडची मुख्य विषारी चौकडी नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातला मण्यार रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावतो, आणि चावा इतका बारीक की कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून एक साधी गोष्ट करा. सगळ्यांनी खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि ती गादीखाली नीट खोचा. नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी उपयोगाची नाही. पडवीत खाली गाद्या टाकून झोपायची हौस असते सगळ्यांना, ती घोडबंदरच्या गॅलरीत भागवा.

काळोखात पायात बूट, हातात काठी, मूल मधे. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो भाग हलवू न देता आडवं ठेवून १०८ला फोन, नाहीतर सरळ गाडीत घालून मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय. निघायच्या आधी तिथला फोन नंबर कागदावर लिहून न्या आणि सर्पदंशावरची लस आहे का तेही विचारून ठेवा. तुमची रेंज एका कोपऱ्यात आहे हे विसरू नका.

बाबांच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या. फरशीवर पाणी आलं तर.

पक्षीवेडा (बुधवार, सकाळी १०:००)

सापांवरून पाखरांवर येऊ का?

ताई, तुमच्या डोंगराच्या वरच्या अंगाला भीमाशंकरचं अभयारण्य. शेकरूचं घर. माथ्याच्या सदाहरित रानात जास्त, खाली पानगळीच्या रानात दिसेलच असं नाही. पण मेच्या शेवटाला नवरंग आलेला असतो, दोन सुरांची शीळ घालतो, एकदा मुलाला ओळखून दिलीत की तो दिवसभर शोधत बसेल. स्वर्गीय नर्तक ओहोळाच्या सावलीत बघा. पांढरी लांब शेपटी घेऊन पाण्यात सूर मारून वर जातो.

आणि ठाणे जिल्ह्याची खरी शान सांगतो, रानपिंगळा. हे घुबड नामशेष झालं असं धरून चालले होते लोक. ११३ वर्षांनी, १९९७ साली, नंदुरबारकडे शहाद्याजवळ सापडलं. आणि २०१४ला आपल्या तानसाच्या जंगलात! मुंबईच्या दाराशी बसलं होतं आणि कुणाला पत्ता नाही. दिवसाउजेडी फिरणारं घुबड आहे, म्हणून तर जास्त नवल. तानसा तुमच्या वाटेवर नाही, शहापूरच्या बाजूला, पण कधी वेगळा बेत करा. फक्त पाखराच्या हाकेचं रेकॉर्डिंग वाजवून बोलवायचं नाही. तो प्रकार काजव्यांवर टॉर्च मारण्याहून वाईट.

पावसाने बेत फसलाच तर ऐरोलीला खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघा. उन्हाळाअखेर थोडेफार उरलेले असतात. ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, आपण मात्र ऐरोलीच्या पुलावरून काच वर करून जातो. बोट भरतीच्या वेळा बघून सुटते, आधी चौकशी करा.

अंगतपंगत (बुधवार, दुपारी १:२०)

एवढं लिहिलंत आणि शेवळांचं एकानेही काढलं नाही! मेच्या शेवटी मुरबाडच्या रस्त्याला जाताय आणि शेवळं न घेता परत येणार असाल तर जाऊच नका.

पहिल्या वळवाला जमिनीतून सरळ वर येतात. ठाकर-कातकरी बायका रानातून आणून रस्त्याच्या कडेला जुड्या मांडून बसतात. वरचं पान सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग निगुतीने काढून फेकायचा, बाकी बारीक चिरून तेलात भरपूर परतायचं. घसा खाजवणारी भाजी, म्हणून काकड हवंच. हिरवी आवळ्याएवढी आंबट फळं, ठेचून त्यांचा रस घालायचा. मग चणाडाळ घालून करा, नाहीतर सोडे किंवा कोळंबी. ओलं खोबरं, लसूण, गरम मसाला. तांदळाच्या भाकरीबरोबर. बस्स.

काकड न घालता चिंचेवर भागवणारे असतात. त्यांच्याशी मी बोलत नाही.

तळ्यातमळ्यात (बुधवार, दुपारी १:३३)

आमच्याकडे चिंचच घालतात. घसा शाबूत आहे.

अंगतपंगत (बुधवार, दुपारी १:३५)

गमतीने घ्या आणि दोन मीटर लांब बसा.

माळावरचा (बुधवार, दुपारी २:१०)

पाड्यावर सांगाल तेव्हा शेवळाचंच सांगा. काकडचं झाड कॉटेजच्या कुंपणाला आहे, मालकाला माहीत नसेल.

घोडबंदरची_मी (बुधवार, रात्री ९:३०)

सगळ्यांना धन्यवाद, सगळं मोठ्याने वाचून दाखवलं घरात.

ठरलं असं की मेच्या शेवटच्या आठवड्यात, अमावस्या जितकी जवळ गाठता येईल तितकी, आणि आठवड्याच्या मधल्या वारांना. हवामान खात्याने सलग पावसाचा इशारा दिला तर जायचंच नाही, हे सासऱ्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्यांना कोतवालांचं स्मारक बघायचंच आहे. त्यांचे वडील त्या काळात कल्याणला होते, तेव्हाच्या गोष्टी सुरू झाल्यात सकाळपासून. नाणेघाट रद्द, एवढी धावपळ नको. नवऱ्याचा सप्टेंबरचा हट्ट कायम आहे, तर तो पुन्हा जाईल म्हणे, एकटा. बघू किल्ली दुसऱ्यांदा मिळते का.

माळावरचा दादा, पाड्यावर कुणाला सांगायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आणि जेवणाचे किती द्यायचे? घासाघीस करायची नाहीये, कमी दिले जाऊ नयेत म्हणून विचारतेय.

माळावरचा (बुधवार, रात्री १०:१५)

व्यनि केलाय. ताटाचे त्या सांगतील तेच द्या. आणि एक राहिलं, निघताना घराचा कचरा मागच्या खड्ड्यात जाळू नका, रान वाळलेलं असतं. तोही गाडीत.

चिऊचीआई (गुरुवार, सकाळी ९:१०)

आम्ही काही मुरबाडला जात नाही, पण शेवळं खायचीच आता. ठाण्यात कुठे मिळतील?

अंगतपंगत (गुरुवार, सकाळी ९:२५)

जांभळी नाक्याला मंडईबाहेर बसतात बायका, अजून आठवडा-दहा दिवसांनी बघा. सकाळी लवकर, नाहीतर संपतात. जुडी घेतानाच काकड मागून घ्या, न मागता घालतीलच असं नाही. आणि तळ्यातमळ्यात तिथे दिसल्या तर त्यांच्या आधी घ्या.